कंपनीच्या टेस्टमध्ये मी ‘हिरवा’ निघालो म्हणून सुपरवायझर नाही. या टेस्टना काही अर्थ असतो का?

तिसरी_शिफ्ट
नमस्कार मंडळी. मी इंदूरचा, नोकरी पीथमपूरला. कंपनीचं नाव घेत नाही, गाड्यांचे पार्ट बनतात एवढं पुरे. मी डिस्पॅचला आहे. आमचे शिफ्ट सुपरवायझर रिटायर होतायत आणि त्यांच्या जागी आतलाच माणूस घ्यायचा असं ठरलंय. तर झालं असं की बाहेरून एक कन्सल्टंट मॅडम आल्या, ट्रेनिंग हॉलमध्ये आम्हाला बसवलं आणि हातात टॅब दिला. एका चौकटीत चार शब्द, म्हणजे समजा धाडसी, मनमिळाऊ, शांत, काटेकोर, यातला सगळ्यात जास्त कोणता माझ्यासारखा आणि सगळ्यात कमी कोणता ते टिक करायचं, की पुढची चौकट, परत चार शब्द, परत तेच. चारही शब्द चांगलेच असायचे हो, त्यात कमी कोणता म्हणायचा? शेवटी शेवटी तर मी घड्याळाकडे बघून बोट लावत होतो, कंपनीची बस सुटायची वेळ झाली होती.

मग रिपोर्ट आला. माझा हिरवा सगळ्यात वर, लाल सगळ्यात खाली. मॅडम म्हणाल्या सुपरवायझरला लाल लागतो, तुम्ही सपोर्ट रोलमध्ये छान आहात. आणि ज्याचा लाल आला त्या भियाने दिवाळीच्या आधी पुण्याचा माल देवासच्या गाडीत चढवला होता, ते आम्ही सगळ्यांनी मिळून निस्तरलं. माझं त्याच्याशी भांडण नाही काही. पण मला खरंच जाणून घ्यायचंय, याला सायन्स म्हणतात का? कोणी या लाइनमधलं असेल तर सांगा.

काकू_रामबाग
अरे बाळा, आमच्या लेकीच्या ऑफिसात पण हेच, तिचा तर मोर निघाला की घुबड असं काहीतरी. घरी येऊन रिपोर्ट वाचून दाखवला तर जावई म्हणतो अगदी हीच, मी म्हटलं अहो हे तर मला पण लागू पडतंय, आणि शेजारच्या वहिनींना पण. पत्रिकेत लिहितात तसंच की, स्वभाव प्रेमळ पण प्रसंगी कठोर.

अर्धवट_मानस
काकू, तुम्ही हसत हसत जे म्हणालात त्याच्यावर १९४८ मध्ये प्रयोग झालाय. बर्ट्राम फोरर नावाच्या प्राध्यापकाने आपल्या वर्गातल्या ३९ मुलांकडून एक व्यक्तिमत्त्व चाचणी भरून घेतली, नंतर प्रत्येकाला “तुझं विश्लेषण” म्हणून कागद दिला आणि किती बरोबर आहे ते ५ पैकी विचारलं. सरासरी आली ४.२६. कागद सगळ्यांना एकच होता, आणि त्यातली बरीच वाक्यं बाजारात मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेली. म्हणून “अगदी मीच!” हा काही पुरावा नाही, टेस्ट विकणारे मात्र नेमका तोच पुरावा दाखवतात.

आता तिसरी शिफ्ट, तुझं. (मी मानसशास्त्रात एम.ए. करून कर्मचारी निवडीच्या रिसर्चमध्ये होतो, आता नाही, म्हणून अर्धवट.) तू वर्णन केलेली टेस्ट डिस्क घराण्यातली दिसते, म्हणजे स्वभाव चार गुणांत वाटणारी: ठासून बोलणं (लाल), लोकांत मिसळणं (पिवळा), धीर (हिरवा), काटेकोरपणा (निळा). मूळ कल्पना विल्यम मार्स्टन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची, १९२८ च्या पुस्तकातली. हा गृहस्थ रक्तदाबावरून खोटं पकडायच्या मागे होता आणि पुढे १९४१ मध्ये त्याने वंडर वुमन हे कॉमिक्समधलं पात्र काढलं, म्हणजे माणूस रंगीत होता यात वाद नाही. पण टेस्ट त्याने बनवली नाही, ती नंतर दुसऱ्यांनी बनवली, आणि रंग तर त्याच्याही नंतर आले.

माझा खरा आक्षेप रंगांवर नाहीये, चौकटीवर आहे, आणि हे जरा नीट वाच कारण तुझा मुद्दा इथेच आहे. प्रत्येक चौकटीत एकाला “जास्त” आणि एकाला “कमी” द्यावंच लागतं. म्हणजे एकूण मार्क सगळ्यांचे सारखेच, एक रंग वर गेला की दुसरा खाली येणारच. अशा मोजणीला इप्सेटिव्ह म्हणतात. यातून कळतं एवढंच की तुझ्या आत कोणती गोष्ट कोणत्या गोष्टीपेक्षा जास्त आहे. तुझी दुसऱ्या माणसाशी तुलना यातून निघतच नाही.

उदाहरण घे. समज देवाने स्वतः बसून तुम्हा दोघांना १० पैकी मार्क दिले. तुला ठासून बोलण्यात ७, लोकांत मिसळण्यात ८, धीरात ९, काटेकोरपणात ८. त्या लालवाल्याला ठासून बोलण्यात ५, मिसळण्यात ४, धीरात २, काटेकोरपणात ३. चारही गोष्टींत तू पुढे, ठासून बोलण्यातसुद्धा. आता दोघांना चौकटीत घाल. तुझ्या चारांत ठासून बोलणं सगळ्यात खाली, त्याच्या चारांत सगळ्यात वर. रिपोर्ट काय येणार? तू हिरवा, तो लाल. आणि मॅडम म्हणणार याच्यात लाल जास्त आहे.

तिसरी_शिफ्ट
थांबा थांबा. म्हणजे माझ्यात त्याच्यापेक्षा जास्त असूनही माझा कमी दिसू शकतो?

अर्धवट_मानस
हो. जास्त आहेच असं मी म्हणत नाहीये, मी तुला ओळखत नाही. पण रिपोर्टवरून ते कळू शकत नाही, आणि प्रमोशन म्हणजे माणसामाणसातली तुलनाच ना.

एचआर_बोलतोय
नेहमीप्रमाणे सगळं खापर एचआरवर. भाऊ, मी विजय नगरला एका आयटी कंपनीत एचआरला आहे, आम्ही पण असल्या टेस्ट वापरतो पण टीम बिल्डिंगसाठी. लोक एकमेकांशी बोलायला लागतात, “तू निळा आहेस म्हणून इतके प्रश्न विचारतोस होय” असं हसत हसत होतं, भांडणं कमी होतात. त्यात वाईट काय? आणि व्हेंडर काही हवेत बोलत नाही, आम्हाला त्याने अल्फा ०.८५ दाखवला होता, म्हणजे टेस्ट भरवशाची आहे. शिवाय मॅनेजर लोक चहा पिता पिता “मुलगा स्मार्ट वाटला” म्हणून माणूस घेतात त्यापेक्षा टेस्ट बरी की नाही?

खडूस_गणिती
अल्फा ०.८५. छान. आता विचारा कशाचा.

क्रॉनबाखचा अल्फा १९५१ चा आहे, तो फक्त एवढं सांगतो की टेस्टमधले प्रश्न एकमेकांशी किती सुरात आहेत. तो वाढवणं फार सोपं. “माझं टेबल नीट असतं”, “मला पसारा आवडत नाही”, “मी वस्तू जागच्या जागी ठेवतो” असे तीन प्रश्न टाका, अल्फा उड्या मारत वर जाईल, आणि तुम्ही मोजलं काय तर टेबल. माणूस डिस्पॅच सांभाळेल का हे त्यात कुठेच नाही. वर इप्सेटिव्ह चौकटीत एक उत्तर दुसऱ्याला बांधलेलं असतं, त्यामुळे नेहमीचा अल्फा तिथे लावणंच मुळात गडबड आहे, पण ते सोडा, तुमचा ०.८५ खरा धरून चालू.

असे स्कोअर बहुधा सरासरी ५० आणि प्रमाण विचलन १० अशा पट्टीवर देतात, म्हणजे साधारण दोन तृतीयांश माणसं ४० ते ६० मध्ये. विश्वसनीयता (तुमचा तोच अल्फा) ०.८५ असेल तर एका स्कोअरमधली चूक म्हणजे १० गुणिले (१ वजा ०.८५) चं वर्गमूळ, आली ३.९. म्हणजे कोणाला ५२ मिळाले तर त्याचा खरा आकडा साधारण ४४ ते ६० मध्ये कुठेतरी. दोन माणसांत तुलना करायची तर चूक दोन्हीकडून येते, फरक ११ च्या आसपास असेल तरच काहीतरी आहे असं म्हणता येतं. तुमच्या रिपोर्टमध्ये हे पट्टे छापलेत? नसणारच. रंगीत गोल छापलेत.

अर्धवट_मानस
खडूस सर बोलले ते अक्षरवाल्या टेस्टला तर जास्तच लागू आहे, ती सोळा प्रकारांची एमबीटीआय. कॅथरीन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इसाबेल मायर्स या दोघींनी मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगच्या १९२१ च्या पुस्तकावरून ती बांधली. दोघी हुशार, कष्ट प्रचंड, पण मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण नव्हतं. गंमत अशी की अंतर्मुख-बहिर्मुख मोजलं की बहुतेक माणसं मधेच सापडतात, टोकाला थोडी. आणि टेस्ट बरोब्बर मधे रेघ मारते. ५१ वाला बहिर्मुख, ४९ वाला अंतर्मुख. पाच आठवड्यांनी परत दिली की निम्म्याच्या आसपास लोकांचं निदान एक अक्षर बदललेलं असतं. भरतीसाठी वापरू नका असं ती टेस्ट विकणारी कंपनी स्वतःच सांगते, तरी मुलाखतीत विचारतातच, तुमचा टाइप कोणता.

एचआर दादा, टीम बिल्डिंगला वापरा, मला हरकत नाही, अंताक्षरी पण चालते त्याला. हरकत आहे ती त्यावरून पगार आणि पद ठरवायला. आणि “चहा पिता पिता” वाल्या मुद्द्यावर तुमच्याशी सहमत, त्याच्याकडे येतो नंतर.

भोपाळ_रिटर्न
मधेच घुसतो. भोपाळला एसएसबी (सैन्यात अधिकारी निवडायची मुलाखत) देऊन आलोय, शेवटच्या दिवशीच्या कॉन्फरन्सला आउट. तिथली सायकॉलॉजी टेस्ट वेगळीच असते. चित्र ३० सेकंद दाखवतात आणि ४ मिनिटांत गोष्ट लिहायची, शेवटची स्लाइड कोरी. मग ६० शब्द, एकेकाला १५ सेकंद, मनात येईल ते वाक्य. मग ६० प्रसंग अर्ध्या तासात, “तो जंगलातून जात होता आणि पूल तुटलेला दिसला, त्याने...” टाइप. यात रंगबिंग नाही, पण आता इंदूर-भोपाळमध्ये कोचिंगवाले झालेत, आमच्या बॅचमध्ये निम्म्या पोरांच्या गोष्टीत हिरो गावात आग विझवतो, ब्लड कॅम्प लावतो आणि कलेक्टर त्याचा सत्कार करतो. सायकॉलॉजिस्ट वाचून कंटाळत नसतील का?

अर्धवट_मानस
कंटाळत असतील, पण सांगता थोडेच येतं. ती चित्रांची पद्धत १९३५ मध्ये हार्वर्डच्या मॉर्गन आणि मरे यांनी मांडली. गोष्टीचे मार्क कसे द्यायचे यावर दोन तपासनीसांचं पटेलच असं नाही, ही तिची जुनी दुखरी नस.

पण एसएसबीतली एक गोष्ट मला मनापासून आवडते. सायकॉलॉजिस्ट तुझे कागद बघतो, जीटीओ, म्हणजे ग्रुप टेस्ट घेणारा अधिकारी, तुला ग्राउंडवर बघतो, इंटरव्ह्यू घेणारा तिसराच, आणि तिघं आपापलं मत आधी वेगवेगळं बनवतात, मग कॉन्फरन्सला एकत्र येतात. एकच माणूस एकाच कागदावरून निकाल लावत नाही.

कंपन्यांत हे पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर केलं अमेरिकेतल्या एटी अँड टी या टेलिफोन कंपनीने, १९५६ पासून, डग्लस ब्रे यांच्या देखरेखीखाली. नव्या मॅनेजरांना काही दिवस बसवून कामासारखे प्रसंग दिले, ग्रुप डिस्कशन, टपालाचा ढिगारा निपटायचा, मुलाखती, टेस्ट. आणि मग निकाल कंपनीपासून लपवून ठेवले. वर्षानुवर्षं. कोणाला बढती मिळते ते बाहेरून बघत राहिले आणि नंतर जुन्या कागदांशी ताडून पाहिलं. लपवलं का? कारण साहेबाला आधीच सांगितलं की हा पोरगा वर जाणार, तर साहेबच त्याला वर नेतो, आणि मग टेस्ट खरी ठरली म्हणून सगळे टाळ्या वाजवतात. तिसरी शिफ्ट, तुमच्याकडे नेमकं हेच होणारेय. लालवाला सुपरवायझर होईल, आणि पुढच्या वर्षी मॅडम दुसऱ्या प्लांटला जाऊन सांगतील की आमचे लाल लोक सुपरवायझर होतात.

काकू_रामबाग
अगदी आमच्याकडच्या स्थळांसारखं. पण मग मला सांग, स्वभावावरून कामाचं काहीच कळत नाही का रे? आमचे हे ३० वर्षं बँकेत होते, कोणता क्लार्क टिकेल ते यांना आठ दिवसांत कळायचं म्हणे.

अर्धवट_मानस
काकू, कळतं की. थोडं कळतं. यावर संशोधकांची मतं पण गोते खात आलीत. १९६५ मध्ये गायन आणि गॉटियर यांनी तोवरचे अभ्यास चाळले आणि म्हणाले, नोकरीचे निर्णय या टेस्टवर घ्यावेत असा आधार दिसत नाही. पुढची पंचवीसेक वर्षं हा विषय थंड्या बस्त्यात. तेवढ्यात तिकडे स्वभावाचे पाच मोठे गुणधर्म हे चित्र पक्कं होत गेलं, बिग फाइव्ह. त्याची सुरुवात पण मजेशीर, १९३६ मध्ये ऑलपोर्ट आणि ऑडबर्ट यांनी इंग्रजी डिक्शनरीतून माणसाचं वर्णन करणारे जवळजवळ १८००० शब्द काढले, ते इतरांनी गाळत गाळत पाचावर आणले. यात प्रकार नाहीत, पट्ट्या आहेत. माणूस प्रत्येक पट्टीवर कुठेतरी असतो, कोणी हिरवा नाही आणि कोणी मोर नाही.

मग १९९१ मध्ये बॅरिक आणि माउंट यांनी शंभराहून जास्त अभ्यास एकत्र केले. पाचांपैकी एकच गुण जवळजवळ सगळ्या कामांत उपयोगी निघाला, कॉन्शियन्शसनेस. म्हणजे शिस्त, नेमकेपणा, हातात घेतलेलं तडीस नेणं. कामगिरीशी त्याचा सहसंबंध साधारण ०.२२ (० म्हणजे काहीच नातं नाही, १ म्हणजे पूर्ण). बहिर्मुखपणा सेल्स आणि मॅनेजरच्या कामात थोडा कामी येतो, सगळीकडे नाही. काकांना आठ दिवसांत बहुधा पहिलाच दिसत असणार, वेळेवर येतो का, कॅश जुळेपर्यंत थांबतो का.

खडूस_गणिती
०.२२ म्हणजे किती ते सांगून टाकतो, नाहीतर लोक २२ टक्के समजतील. या गुणात वरच्या निम्म्यात असलेली १०० माणसं घ्या. त्यातली कामातही वरच्या निम्म्यात येणारी साधारण ५७. डोळे मिटून निवडलं असतं तर ५०. हजारो अर्ज येतात तिथे हा फायदा मोठा आहे. तुमच्या डिस्पॅचमध्ये चार-पाच उमेदवारांतून एक घ्यायचाय, तिथे यावर विसंबणं म्हणजे टॉसला सूट-बूट घालणं.

एचआर_बोलतोय
ओके, मान्य, टेस्टचे दात दाखवले तुम्ही. पण मग दाखवायचे ते सगळे दाखवा ना. मुलाखतीचा आकडा किती? आणि साधे प्रश्न विचारले तर लोक खोटं लिहितात त्याचं काय? “मी कामं वेळेवर पूर्ण करतो, सहमत की असहमत”, नोकरी पाहिजे असलेला कोण असहमत लिहील?

अर्धवट_मानस
दोन्ही प्रश्न रास्त.

खोटं लिहितात, हो, अर्जदारांचे स्कोअर फुगलेले असतात. चौकटीवाली पद्धत आलीच त्यासाठी, सगळे शब्द सारखेच चांगले असले की नटायला जागा कमी. म्हणजे चौकट स्वतः मूर्खपणाची नाही. तिचे मार्क नुसती बेरीज करून काढले की मी वर सांगितलेला घोटाळा होतो. २०११ मध्ये ब्राउन आणि मायदेउ-ओलिव्हारेस यांनी यावर एक गणिती मॉडेल मांडलं, त्यातून अशा चौकटींवरूनही माणसामाणसात तुलना करता येईल असे स्कोअर काढता येतात, पण त्यासाठी टेस्ट मुळातच तशी बांधावी लागते. म्हणून व्हेंडरला विचारायचा पहिला प्रश्न हा, मार्क कसे काढता? तो रंगांवर घसरला की समजायचं.

दुसरा उपाय त्याहून साधा. माणसाला स्वतःबद्दल विचारू नका, त्याच्यासोबत काम करणाऱ्यांना विचारा. ओ, वांग आणि माउंट यांनी २०११ मध्ये दाखवलं की दुसऱ्यांनी भरलेला फॉर्म स्वतः भरलेल्यापेक्षा कामगिरी जास्त चांगली सांगतो. तिसरी शिफ्टचे लोडिंगवाले, गेटवरचा गार्ड, स्टोअरवाले, यांना जे माहीत आहे ते टॅबला माहीत नाही.

मुलाखतीचं असं की चहावाली मुलाखत आणि बांधीव मुलाखत यात खूप फरक आहे. बांधीव म्हणजे सगळ्यांना तेच प्रश्न, कामातलेच प्रश्न, आणि कोणत्या उत्तराला किती मार्क ते आधीच लिहून ठेवलेलं. १९९८ मध्ये श्मिट आणि हंटर यांनी अशा मुलाखतीचा कामगिरीशी सहसंबंध ०.५१ दिला होता, बुद्धिमत्ता चाचणीलाही ०.५१. २०२२ मध्ये सॅकेट आणि सहकाऱ्यांनी हिशोब परत मांडला. भानगड अशी की कामगिरी दिसते ती फक्त घेतलेल्या लोकांची, नाकारलेल्यांची नाही, म्हणून आकडे गणिताने वर ओढावे लागतात, आणि आधीच्या लोकांनी ते फार ओढले होते असं यांचं म्हणणं. नव्या हिशोबात बुद्धिमत्ता ०.३१ वर आली, बांधीव मुलाखत ०.४२ वर आणि पहिल्या नंबरवर, कॉन्शियन्शसनेस ०.१९. माझ्या मते गेल्या काही वर्षांत या विषयात यापेक्षा कामाचं काही झालं नाही.

तिसरी_शिफ्ट
आमच्याकडे बांधीव मुलाखत म्हणजे काय विचारतील?

अर्धवट_मानस
तुझ्याच कामातलं. उदा. “रात्रीचे दोन वाजलेत, भरलेली गाडी गेटवर उभी आहे, ई-वे बिलाची मुदत संपत आलीय, ट्रान्सपोर्टर फोन उचलत नाही आणि लोडिंगची दोन पोरं आलेली नाहीत. तुम्ही काय काय कराल आणि कोणत्या क्रमाने?” मग मार्कांची पट्टी. नुसतं “साहेबांना फोन करीन” याला १. आधी बिलाची मुदत बघून ती वाढवायची सोय आणि सोबत दुसऱ्या ड्रायव्हरची चौकशी, याला ३. हे सगळं, शिवाय सकाळच्या शिफ्टसाठी रजिस्टरमध्ये नोंद आणि कस्टमरला उशिराची खबर, याला ५. आकडे तुमच्याच जुन्या सुपरवायझरांना बसवून ठरवायचे, रिटायर व्हायच्या आत.

खडूस_गणिती
आणि मार्क देणारे निदान दोघं हवेत, आणि दोघांनी आपापला आकडा लिहून झाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. नाहीतर प्लांट हेड “मला तर बरा वाटला” म्हणतो आणि बाकीच्यांचे पेन वर चढतात.

एचआर_बोलतोय
तो ई-वे बिलवाला प्रश्न मी आमच्या अ‍ॅडमिनच्या भरतीला वापरू का थोडा बदलून? सिरियसली विचारतोय.

अर्धवट_मानस
खुशाल. पण ज्याने कधी डिस्पॅच बघितलंच नाही त्याला विचाराल तर तुम्ही अनुभव मोजताय, डोकं नाही, एवढं लक्षात ठेवा.

तिसरी_शिफ्ट
सगळ्यांना धन्यवाद, खरंच. काल मॅडमना मेल टाकला, भाषा आमच्या भाच्याकडून नीट करून घेतली. रंगांबद्दल काही बोललो नाही, एवढंच विचारलं की स्कोअर दोन माणसांची तुलना करायला चालतो का, आणि मार्क कसे काढले. त्यांनी लगेच उत्तर दिलं, चांगल्या बोलल्या, टेस्टचं मॅन्युअल पाठवलंय. इंग्रजीत आहे, जाडजूड. आणि लालवाल्याला सांगितलं तर तो म्हणतो, भिया मला नको ती सुपरवायझरी, रात्रीची ड्युटी वाढते, मला कोणी विचारलंच नाही. खडूस सर, मॅन्युअलमध्ये आधी काय बघू?

खडूस_गणिती
नॉर्म्सचं पान. ज्यांच्याशी तुम्हाला ताडून ५० ची सरासरी ठरवली ते लोक कोण, कुठले, कोणत्या साली, कोणत्या कामातले. सगळे बाहेरच्या देशातले ऑफिसवाले निघाले तर त्या पानाचा फोटो काढून प्लांट हेडला पाठवा. मग व्हॅलिडिटीचं पान. तिथे सुपरवायझरच्या प्रत्यक्ष कामगिरीशी सहसंबंध दिलाय का बघा, “९५ टक्के लोकांना रिपोर्ट पटला” असलं लिहिलेलं धरू नका, ते काकूंनी वर आपल्या पहिल्याच पोस्टमध्ये निकालात काढलंय. दोन्ही पानं इथे टाइप करा, संध्याकाळी बघतो.